वाचकांचे प्रश्न : परदेशी गेलेल्या मुलाचे मत गेले कुठे?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे इतकी आली की, वारसा नोंदी आणि शेताच्या उताऱ्यांचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हे सदर त्या एका विषयाला द्यावे लागले. विषय आहे नोकरीसाठी वा शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या मताचा. एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. या पत्रांपैकी एक वगळता सारी पत्रे आईवडिलांची किंवा घरातल्या थोरांची आहेत. ज्यांचे मत आहे त्यांनी पेन उचललेले नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही, कारण आठवड्याला एक सुटी मिळणारा माणूस त्या दिवशी कपडे धुतो आणि घरी फोन करतो, मासिकाला पत्र लिहीत नाही. पण आपल्याकडे परदेशातल्या मुलाचे मत रेशन कार्डाबरोबर घरच्या कपाटात ठेवलेले असते आणि ते आईवडील सांभाळत असतात, हे यातून दिसते. पुढची बरीच गुंतागुंत त्या कपाटातूनच सुरू होते.

प्रश्न : माझा मोठा मुलगा २०१३ पासून कतारमध्ये आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात विधानसभेला मतदान करूनच तो गेला. दोन वर्षांतून एकदा सुटीवर येतो, पण निवडणूक आणि सुटी यांचा मेळ पुन्हा कधी बसला नाही. गेल्या वेळी बूथवर यादी पाहिली, तर आमच्या घरच्या पाच नावांपैकी त्याचे एकट्याचे नाव नव्हते. गावात म्हणतात की, लागोपाठ तीन निवडणुकांना मत दिले नाही तर नाव कापतात. हे खरे आहे काय? आता काय करावे? — एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : मत न दिल्यामुळे नाव कमी होते, असा कोणताही नियम भारतात नाही, आणि गावात कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी त्यावर आपण विश्वास ठेवू नये. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या कलम २२ नुसार यादीतले नाव वगळायचे असेल तर मतदार मृत झालेला असावा लागतो, किंवा त्या मतदारसंघाचा सामान्यतः रहिवासी राहिलेला नसावा लागतो, किंवा तो मुळातच नोंदणीस पात्र नसावा लागतो. आपल्या मुलाच्या बाबतीत यांतले दुसरे कारण लागू झाले असणार. यादीची फेरतपासणी करताना बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारे अधिकारी, घरी येतात, घरातली माणसे खरेपणाने सांगतात की थोरला तिकडे कतारला असतो, आणि त्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. म्हणजे नाव गेले ते मत न दिल्याने नव्हे, तर तो या पत्त्यावर राहत नाही हे कागदावर आल्याने.

असे नाव काढण्यापूर्वी संबंधिताला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. अडचण एवढीच की, नोटीस जाते ती गावच्याच पत्त्यावर, ती कन्नडमध्ये असते, वाचून दाखवणारा नातू शाळेत गेलेला असतो, आणि कागद वीजबिलांच्या तारेला अडकवला जातो. आपल्या घरी असेच झाले असेल असे मी म्हणत नाही, पण ती तार एकदा चाळून पाहावी.

आता काय करावे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या पत्रांची निम्मी उत्तरे यातच आहेत. आपल्या कायद्यात मतदार नोंदणीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली आपली सर्वांची, म्हणजे जिथे राहतो तिथे नाव. दुसरी वाट २०१० च्या दुरुस्तीने कलम २०अ घालून तयार केली आणि ती फेब्रुवारी २०११ पासून अमलात आली. जो भारतीय नागरिक नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशात आहे आणि ज्याने दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याला त्याच्या पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे त्या मतदारसंघात 'अनिवासी मतदार' म्हणून नाव नोंदवता येते. त्यासाठीचा अर्ज नमुना ६अ हा आहे. नवीन मतदारांचा साधा नमुना ६ नव्हे. अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून भरता येतो, टपालाने पाठवता येतो किंवा सुटीवर आल्यावर स्वतः नोंदणी अधिकाऱ्याकडे देता येतो. सोबत छायाचित्र आणि पासपोर्टच्या त्या पानांच्या प्रती लागतात, ज्यांवर फोटो, भारतातला पत्ता आणि चालू व्हिसा आहे. टपालाने पाठवताना प्रती स्वतःच्या सहीने साक्षांकित कराव्यात.

अर्जानंतर बीएलओ पासपोर्टवरच्या पत्त्यावर चौकशीला येतील. तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहून 'होय, हा आमचा मुलगा आणि हे त्याचे घर' एवढे लेखी द्यायचे असते. घरी कोणीच नसेल किंवा असे लिहून देण्यास कोणी तयार नसेल, तर कागद त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीसाठी जाऊ शकतात, आणि त्याला साहजिकच वेळ लागतो. नोंद झाल्यावर त्याचे नाव आपल्याच बूथच्या यादीत, पण शेवटी, अनिवासी मतदारांच्या वेगळ्या भागात येते. तेव्हा मागच्या वेळी आपण घर क्रमांक पाहून यादी चाळली असेल, तशी या वेळी चाळू नका, नाहीतर नाव असूनही सापडणार नाही.

अनिवासी मतदाराला ओळखपत्र मिळत नाही. मतदानाच्या दिवशी त्याने स्वतः बूथवर यायचे आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा. कपाटातले जुने ओळखपत्र नमुना ६अ सोबत परत करावे लागते. पुष्कळ आईवडिलांना हे जड जाते, कारण ते कार्ड म्हणजे मुलगा अजून या घरचा असल्याची खूण वाटते. पण दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालता येत नाही.

मुदतीबद्दल दोन शब्द. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार झाल्या आहेत, पण ही सोय मुख्यतः नव्याने अठरा वर्षांचे होणाऱ्यांसाठी आहे. आपल्या मुलाला वर्षभरात केव्हाही अर्ज करता येईल. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. अर्ज नामंजूर झाला तर पहिले अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि दुसरे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे करता येते.

आणखी एक, आपल्या तालुक्यापुरते. लोकसभेला खानापूर विधानसभा क्षेत्र बेळगाव मतदारसंघात येत नाही. ते कित्तूरसह उत्तर कन्नड मतदारसंघात येते. मुलगा ऑनलाइन माहिती पाहताना लोकसभेसाठी बेळगाव शोधत बसला, तर त्याचा गोंधळ उडेल.

प्रश्न : माझा धाकटा मुलगा लष्करात आहे आणि सीमेवरून टपालाने मत देतो. मुलगी जर्मनीत म्युनिकला नोकरी करते. तिने मात्र विमानाचे तिकीट काढून निपाणीला यायचे, हा कुठला न्याय? दूतावासात किंवा मोबाईलवर मतदानाची सोय नाही काय? — निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : नाही. दूतावासात नाही, टपालाने नाही, ऑनलाइन नाही आणि प्रतिनिधीमार्फतही नाही. अनिवासी मतदाराला आज तरी फक्त आपल्या बूथवर येऊनच मत देता येते.

आपला मुलगा 'सेवा मतदार' या वेगळ्या वर्गात मोडतो. सैन्यदलांतील माणसे, आणि भारत सरकारच्या नोकरीत असून परदेशात नेमणूक झालेले कर्मचारी, यांची नोंद या वर्गात होते. त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोहोचते, ती छापून, खूण करून टपालाने परत पाठवली जाते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे आपल्या भागात ही पद्धत घराघरांत ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपण विचारलेला प्रश्न इथल्या अनेकांच्या मनात येतो. म्युनिकच्या वाणिज्य दूतावासातल्या कारकुनाला टपालाने मत देता येते आणि त्याच गावात कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मुलीला देता येत नाही, ही विसंगती खरी आहे, आणि तिचे समर्थन मला करता येत नाही.

ती दूर करण्याचे प्रयत्न झाले. प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत ते पुढे गेले नाही आणि २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल ठरले. माझ्या मते ते गेले त्यात फारसे नुकसान झाले नाही. ज्या घरात थोरला भाऊ सगळ्यांची मते ठरवतो, तिथे प्रतिनिधी म्हणजे थोरल्या भावाला आणखी एक मत, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक आयोगाने, सेवा मतदारांची इलेक्ट्रॉनिक टपाली पद्धत अनिवासी मतदारांनाही लावता येईल असे कायदा मंत्रालयाला कळवले. ही सूचना मला जास्त शहाणपणाची वाटते, पण ती अजून प्रत्यक्षात आलेली नाही. २०२३ च्या सुरुवातीला ज्या दूरस्थ मतदान यंत्राची चर्चा झाली, ते देशांतर्गत स्थलांतरितांसाठी होते. त्याचा म्युनिकशी संबंध नव्हता.

आता आकडे पाहा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदणीकृत अनिवासी मतदार एक लाखाच्या जवळपास होते आणि त्यांतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी मत दिले. २०२४ मध्ये नोंदणी १,१९,३७४ वर गेली, आणि मतदान केले अवघ्या २,९५८ जणांनी. म्हणजे यादी वाढली आणि मते जवळजवळ नऊ दशांशांनी घटली. दोन्ही वेळा मत देणाऱ्यांत बहुसंख्य केरळचे होते. २०२४ मध्ये २,९५८ पैकी २,६७० एकट्या केरळमधले, आणि नोंदणीतही केरळचा वाटा ८९,८३९ इतका. परदेशात राहणारे भारतीय नागरिक एक कोटीहून अधिक आहेत, हे लक्षात घेतले की बाकीच्या राज्यांनी, त्यात आपणही आलो, हा अधिकार किती वापरला याची कल्पना येते.

लोक या आकड्यांना अनास्था म्हणतात. मी इतक्या लवकर तो शब्द वापरणार नाही. बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नड या तिन्ही मतदारसंघांत २०२४ चे मतदान ७ मे रोजी झाले. आखातातल्या भारतीय शाळांना मोठी सुटी लागते जुलैत. कुटुंबवाला माणूस रजा काढतो ती जुलै-ऑगस्टची, आणि एकटा राहणारा कामगार कंपनी देईल तेव्हा, बहुधा दोन वर्षांतून एकदा. मेमध्ये येऊन गेला तर गणपतीला येता येत नाही. आपल्याकडच्या माणसाला या दोहोंतून निवडायला सांगितले तर तो काय निवडेल हे मी निपाणीच्या शिक्षकाला सांगायला नको.

तरीही मुलीची नोंद करून ठेवावी, असेच मी म्हणेन. उद्या टपाली मताची सोय झाली तर ती आधी यादीत असलेल्यांनाच मिळेल, हे एक कारण. आणि योगायोगाने ती त्या वेळी इथे असेल तर हातात पासपोर्ट असूनही परत फिरावे लागणार नाही, हे दुसरे.

प्रश्न : मुलाने चार वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, ज्याला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात. इथल्या यादीत त्याचे नाव अजून आहे आणि ओळखपत्रही आहे. पुढच्या निवडणुकीला तो इथे असेल. त्याने मत द्यावे काय? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : देऊ नये. लोक काहीही म्हणोत, ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलेली व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही, आणि नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ७ब मध्ये ओसीआय कार्डधारकाला मतदार म्हणून नोंदणीचा अधिकार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ते कार्ड म्हणजे येण्या-राहण्याची दीर्घ मुभा आहे, मताची नाही. यादीत नाव राहून गेले म्हणून अधिकार राहत नाही. आपण नमुना ७ भरून ते नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा. पुढे कधी कोणी त्याच्याकडून नोंदणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी सही मागितली तर ती करू देऊ नये, कारण नोंदणीच्या कामी खोटे निवेदन केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रश्न : आमचे गाव सीमेला लागून आहे. घर बेळगाव तालुक्यात, आजोळ आणि थोडी जमीन चंदगड तालुक्यात. माझा पुतण्या दुबईला आहे. त्याचा पासपोर्ट आजोळच्या पत्त्यावर काढलेला आहे, कारण तेव्हा तो तिथे राहून शिकत होता. त्याचे नाव दोन्हीकडच्या यादीत आहे. काही मंडळी म्हणतात की सीमाप्रश्न न्यायालयात असताना कर्नाटकातल्या यादीतून एकही मराठी नाव कमी होऊ देऊ नये. काही म्हणतात की महाराष्ट्रातले नाव हाच आपला पुरावा. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक काका

उत्तर : या बाबतीत दोघांचेही ऐकू नये. एकाच माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये, असे १९५० च्या अधिनियमाचे कलम १७ सांगते, आणि एकाच मतदारसंघात दोनदा असता कामा नये, असे कलम १८. यात राज्य, भाषा किंवा सीमा यांना अपवाद नाही. २०२४ मध्ये कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही मतदारसंघांत मतदान एकाच दिवशी, ७ मे रोजी झाले, त्यामुळे दोनदा मत देण्याचा प्रश्न बोटावरच्या शाईनेच सोडवला असता. विधानसभेचे तसे नाही. कर्नाटकात १० मे २०२३ ला मतदान झाले आणि महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला. मधल्या दीड वर्षात बोटावरची शाई जाते, दोन्हीकडची नोंद मात्र तशीच बेकायदा राहते. लोकसभेच्या एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ६२ नुसार त्याची दोन्ही मते रद्द ठरतात.

आता कुठले नाव ठेवायचे? पुतण्या दुबईला असल्याने त्याची नोंद अनिवासी मतदार म्हणून व्हायची, आणि ती पासपोर्टवरच्या पत्त्यानेच होते. म्हणजे आज घडीला चंदगड. आपली इच्छा काही असो, बेळगाव तालुक्यातल्या घराच्या पत्त्यावर नमुना ६अ मंजूर होणार नाही. तो पत्ता हवा असेल तर आधी पासपोर्टवर तो बदलून घ्यावा लागेल. हे मी जरा जोर देऊन लिहितो, कारण आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचे पासपोर्ट पुण्याच्या, गोव्याच्या किंवा मुंबईच्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर निघालेले असतात. एजंटाने लवकर होईल म्हणून सांगितले, त्या वेळी नोकरी तिथे होती, पत्ता तोच दिला. आणि मग त्या मुलाचे मत कायद्याच्या दृष्टीने अशा एका गल्लीत जाऊन बसते, जिथे त्याला आज ओळखणाराही कोणी नसतो आणि चौकशीला आलेल्या बीएलओला दार उघडणाराही नसतो. परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण करताना काही जण तिथलाच पत्ता घालतात. मग भारतातला पत्ताच उरत नाही. नूतनीकरणाच्या वेळी गावचा पत्ता घालून घ्यावा, याहून उपयुक्त सल्ला या विषयात माझ्याकडे नाही. पासपोर्टवर शहराचे नाव बेळगाव आहे की १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे बेळगावी, याची मात्र चिंता करू नये.

राहिला सीमाप्रश्न. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा दोन राज्यांमधला आणि राज्य पुनर्रचनेच्या कायद्यासंबंधीचा आहे. एका पुतण्याचे नाव कोणत्या यादीत आहे, यावर त्याचा निकाल अवलंबून नाही. सीमाभागात मतदार यादीला भावनिक वजन आहे हे मी जाणतो. १९९६ मध्ये बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहून मतपत्रिकेची पुस्तिका झाली होती, ते आमच्या पिढीने पाहिलेले आहे. पण त्या लढ्यातही माणसांनी आपापल्या एकाच नावाने भाग घेतला होता.

प्रश्न : मुलगा व्यापारी जहाजावर आहे. सहा-सात महिने समुद्रावर, मग तीन महिने घरी. त्याने नमुना ६अ भरावा काय? — एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : भरू नये. तो परदेशात राहत नाही, कामासाठी बाहेर जातो आणि घरी परततो. १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० नुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी सामान्यतः रहिवासी असणे थांबत नाही. त्याचे नाव आपल्या घरच्या नावांतच राहील. बीएलओ आल्यावर 'तो बाहेर असतो' एवढेच सांगून थांबू नका; 'जहाजावर आहे, अमुक महिन्यात घरी येतो' असे पूर्ण सांगा. २०२५ मध्ये बिहारपासून मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यात आपल्या शेजारचा गोवाही त्यात आला. अशा मोहिमेत अर्धवट उत्तराचा शेरा फार लवकर पडतो. टपाली मताची सोय मात्र त्यालाही नाही. निवडणूक घरी असण्याच्या महिन्यांत आली तर ठीक.

प्रश्न : मी बेळगावची, सध्या लंडनमध्ये नोकरी करते, पासपोर्ट भारतीयच आहे. इथल्या सहकाऱ्यांकडून ऐकले की बाहेर राहून काही वर्षे झाली की मायदेशातला मताधिकार जातो. भारतात अशी किती वर्षांची मर्यादा आहे? आणि इथे मला मतदार म्हणून नोंदणीचे पत्र आले आहे. ते भरले तर माझे भारतीय नागरिकत्व धोक्यात येईल काय? — एक वाचक

उत्तर : स्वतः मतदाराने लिहिलेले हे एकमेव पत्र, म्हणून त्याला थोडी जास्त जागा देतो. आपल्या सहकाऱ्यांनी सांगितले ते त्यांच्या देशापुरते खरे होते. ब्रिटनचा नागरिक परदेशी जाऊन पंधरा वर्षे झाली की त्याचा संसदेसाठीचा मताधिकार संपत असे; २०२२ च्या कायद्याने ही अट काढली आणि जानेवारी २०२४ पासून ती संपुष्टात आली. कॅनडात अशीच पाच वर्षांची अट होती, ती २०१८ मध्ये गेली. जर्मनीत अजून पंचवीस वर्षांचा हिशोब आहे, तर न्यूझीलंड परदेशातल्या नागरिकाकडून अपेक्षा करते की त्याने अधूनमधून, सर्वसाधारणपणे तीन वर्षांत एकदा, मायदेशी येऊन गेलेले असावे. अमेरिकेच्या परदेशस्थ नागरिकाला टपाली मतपत्रिका मिळते, पण त्याने दरवर्षी नव्याने अर्ज करावा असा सल्ला दिला जातो, कारण जुना अर्ज आपोआप पुढे चालू राहीलच असे नसते.

भारतात असे वर्षांचे घड्याळ नाही. आपण पाच वर्षे राहा की पंचवीस, भारताची नागरिक आहात आणि पासपोर्टवर भारतातला पत्ता आहे तोवर आपला अधिकार तसाच आहे. म्हणजे त्या देशांनी कालमर्यादा घातल्या पण मत टपालाने घेतले, आणि आपण कालमर्यादा घातली नाही पण मत बूथवरच ठेवले. कोणती पद्धत उदार म्हणायची, हे वाचकांनीच ठरवावे. मला आपली पद्धत कागदावर अधिक उदार आणि व्यवहारात अधिक कडक वाटते.

दुसरा प्रश्न. राष्ट्रकुल देशांचे पात्र नागरिक, त्यात भारतीय आले, ब्रिटनमध्ये राहत असतील तर त्यांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. ते आपण दिलेत म्हणून भारतीय नागरिकत्व जात नाही; नागरिकत्व जाते ते परकीय नागरिकत्व घेतल्याने. नमुना ६अ भरण्यासही त्याने बाध येत नाही. फक्त पुढे कधी ब्रिटिश नागरिकत्व घेतलेत, तर इथल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नाव कमी करून घ्यावे. आणि कायमची परत आलात, तर अनिवासी नोंद आपोआप साधी होत नाही. तेव्हा नमुना ६ भरून रहिवासी मतदार म्हणून नव्याने नोंद करावी लागेल.

प्रश्न : मागच्या निवडणुकीत काही कार्यकर्ते म्हणाले की दुबईच्या पोरांना बोलवा, तिकिटाचे आम्ही बघतो. यात काही गैर आहे काय? — एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : आहे. उमेदवाराच्या वतीने मतासाठी दिलेले तिकीट ही लाच ठरते. ती देणे १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे, आणि भारतीय न्याय संहितेखाली देणारा व घेणारा दोघेही दोषी ठरू शकतात. स्वतःच्या पैशाने आलेल्याला अर्थातच कोणी अडवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा कुवेतला आहे. त्याचे कार्ड माझ्याकडे आहे. मागच्या वेळी तो फोनवर म्हणाला, धाकट्याला पाठव, चेहरा सारखाच आहे. मी पाठवले नाही. पण नंतर कळले की त्याच्या नावावर कोणीतरी मत देऊन गेले. आता तो आला तर त्याला मत देता येईल काय? — एक आई, खानापूर

उत्तर : आपण धाकट्याला पाठवले नाही हे उत्तम केलेत, दुसऱ्याच्या नावाने मत देणे हा तोतयेगिरीचा गुन्हा आहे, आणि चेहरा सारखा असणे हा त्यावरचा बचाव नाही. मागचे मत कोणी दिले, ते आता शोधून फारसे काही हाती लागणार नाही. पुढच्या वेळी मुलगा स्वतः आला आणि त्याच्या नावावर आधीच मत पडलेले निघाले, तर त्याने परत फिरू नये. मतदान केंद्राध्यक्षांना आपली ओळख पटवून द्यावी. ओळख पटली की त्याला यंत्रावर नव्हे, तर कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. याला टेंडर मत म्हणतात. ही मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद ठेवली जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. पुढे निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाने मागवली तर ती उघडते. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या जयनगर मतदारसंघाचा निकाल अवघ्या १६ मतांनी लागला, तेव्हा अशा पाकिटांना कधी किंमत येणारच नाही असे समजू नये.

मात्र त्याआधी एक काम करावे. मुलगा कुवेतला राहत असताना त्याचे नाव अजून साध्या यादीतच आहे, म्हणूनच कोणाला तरी ते वापरता आले. १९५० या क्रमांकावर फोन करून त्याची नोंद तपासून घ्या, त्याच्या पासपोर्टवर खानापूरचा पत्ता आहे का ते त्याला विचारा, आणि असेल तर पुढच्या सुटीत नमुना ६अ भरून ते कार्ड सोबत जोडायला सांगा. नोंद अनिवासी भागात गेली की केंद्रावर मूळ पासपोर्टच पाहिला जाईल, आणि तो तर त्याच्याच खिशात असणार.